जैन गणिताची वाटचाल : शास्त्रभांडारापासून शाळेच्या वर्गापर्यंत

ज्येष्ठ शुद्ध पंचमीस श्रुतपंचमी आणि कार्तिक शुद्ध पंचमीस ज्ञानपंचमी येते. या मंगलदिनी मंदिरांतील व उपाश्रयांतील शास्त्रग्रंथ कपाटांबाहेर काढले जातात, त्यांवरील धूळ झटकली जाते, वेष्टने बदलली जातात आणि भक्तिभावाने पूजन होते. शतकानुशतके चालत आलेल्या या आचारामुळेच ताडपत्रावरील आणि कागदावरील अक्षरे वाळवी व ओल यांपासून सुरक्षित राहिली. जैन समाजाने जगाच्या ज्ञानभांडारास दिलेली ही फार मोठी देणगी होय.

परंतु ग्रंथ टिकून राहणे आणि ग्रंथातील विषय समजून घेतला जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. जैन आचार्यांच्या गणितविषयक लेखनाचा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला असता हा भेद स्पष्ट दिसतो. हजार वर्षे जपलेले हे गणित जगास ज्ञात झाले ते विसाव्या शतकात, आणि त्याचा शालेय पाठ्यपुस्तकांत प्रवेश झाला तो अगदी अलीकडे. या वाटचालीत अमरावती, सोलापूर, मुंबई आणि पुणे या नगरांचा मोलाचा वाटा आहे. सुवर्णमहोत्सवासारख्या प्रसंगी त्याचे स्मरण करणे उचित ठरेल.

महावीराचार्य आणि ‘गणितसारसंग्रह’

राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग याच्या कारकिर्दीत, इ. स. ८५० च्या सुमारास, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा संस्कृत ग्रंथ रचला. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट म्हणजे आजच्या कर्नाटकातील मळखेड. महावीराचार्यांच्या पूर्वी आर्यभट आणि ब्रह्मगुप्त यांनी गणित लिहिले होते. परंतु ते ज्योतिषग्रंथाचा एक भाग म्हणून. केवळ गणित हाच विषय घेऊन इतक्या विस्ताराने लिहिलेला असा ग्रंथ त्या काळी दुर्मीळच. त्यात नऊ अध्याय असून अकराशेहून अधिक श्लोक आहेत. आरंभी आचार्यांनी संख्याज्ञानाच्या दीपाने विश्व उजळणाऱ्या भगवान महावीरांना वंदन केले आहे; आणि व्यापार, संगीत, नाट्य, पाकशास्त्र, वैद्यक, वास्तुविद्या अशा सर्व क्षेत्रांत गणिताचा उपयोग कसा होतो, हे सांगून मग विषयास हात घातला आहे.

ग्रंथाची शिकवण्याची रीत आजही मनोवेधक वाटते. एक या संख्येची फोड, अंशस्थानी एक असलेल्या अपूर्णांकांत कशी करावी, याचा नियम पाहावा. एकापासून सुरुवात करून प्रत्येक वेळी तिपटीने छेद घ्यावेत. पहिल्या छेदास दोनने व शेवटच्या छेदास दोन-तृतीयांशाने गुणावे. चार अपूर्णांक हवे असतील तर १, ३, ९, २७ या संख्यांपासून २, ३, ९, १८ हे छेद मिळतात. म्हणजेच १/२ + १/३ + १/९ + १/१८ यांची बेरीज बरोबर एक होते. सहावी-सातवीचा विद्यार्थीही अठरा हा समान छेद घेऊन हे पडताळून पाहू शकेल.

दुसरे उदाहरण षड्रसांचे. तुरट, कडू, आंबट, तिखट, खारट आणि गोड या सहा रसांपासून किती प्रकारची मिश्रणे होतील, असा प्रश्न आचार्य विचारतात. दोन-दोन रस घेतल्यास ६ × ५ भागिले १ × २, म्हणजे १५ मिश्रणे होतात. एकापासून सहापर्यंत सर्व निवडी मोजल्या तर ६३ होतात. आज महाविद्यालयात ‘संचय’ या नावाने शिकविला जाणारा नियम महावीराचार्यांनी सर्वसाधारण स्वरूपात सांगितला आहे. पुढून व मागून सारखेच वाचता येणारे गुणाकारही त्यांनी दिले आहेत. १३९ × १०९ = १५१५१ आणि २७९९४६८१ × ४४१ = १२३४५६५४३२१ ही त्यांपैकी दोन उदाहरणे.

या ग्रंथाचा दक्षिणेत मोठा प्रसार झाला. अकराव्या शतकात पावुलूरि मल्लन याने त्याचे तेलुगूत रूपांतर केले. पुढे मात्र त्याचा अभ्यास मागे पडला आणि तो हस्तलिखितांतच राहिला. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातील संस्कृतचे प्राध्यापक एम. रंगाचार्य यांनी हस्तलिखिते जुळवून, इंग्रजी अनुवादासह, १९१२ मध्ये हा ग्रंथ मुद्रित केला. तत्पूर्वीच १९०८ मध्ये रोम येथे भरलेल्या गणितज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत अमेरिकेचे गणित-इतिहासकार डेव्हिड यूजीन स्मिथ यांनी त्याची ओळख करून दिली होती. मुद्रित आवृत्तीची प्रस्तावनाही त्यांचीच आहे. तिकडे कलकत्त्यात बिभूतिभूषण दत्त यांनी १९२९ मध्ये जैन गणितपरंपरेवर स्वतंत्र निबंध प्रसिद्ध केला. भारतीय गणिताच्या इतिहासात जैनांची एक वेगळी परंपरा आहे, ही गोष्ट त्यानंतर अभ्यासकांत मान्य होऊ लागली.

मूडबिद्री ते अमरावती

‘षट्खंडागम’ आणि त्यावरील आचार्य वीरसेनांची ‘धवला’ टीका यांची कथा याहून अधिक रोमहर्षक आहे. नवव्या शतकाच्या आरंभी पूर्ण झालेल्या या टीकेच्या ताडपत्री प्रती मूडबिद्रीच्या भांडारात होत्या. यात्रेकरूंना त्यांचे दर्शन घडे. वाचन घडत नसे. जुन्या कानडी लिपीतील ती प्राकृत-संस्कृत मिश्रित भाषा वाचू शकणारे विद्वानही विरळ होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत मुंबईचे शेठ माणिकचंद आणि सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी या ग्रंथांच्या प्रती व्हाव्यात म्हणून पुढाकार घेतला. पाने जीर्ण होत चालली होती. आणखी विलंब झाला असता तर काही भाग कायमचा नष्ट झाला असता, हे त्यांनी ओळखले. प्रतिलेखनाचे काम अनेक वर्षे चालले.

अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृतचे अध्यापन करणारे डॉ. हिरालाल जैन यांनी पुढे संपादनाची धुरा स्वीकारली. धवलेचा पहिला खंड १९३९ मध्ये अमरावतीहून प्रसिद्ध झाला आणि यथावकाश सोळा खंड पूर्ण झाले. संपादन करताना हिरालालजींच्या लक्षात आले की टीकेत जागोजागी गणित आहे आणि ते केवळ भाषापंडितास उलगडणारे नाही. त्यामुळे लखनौ विद्यापीठातील गणिताचे प्राध्यापक अवधेश नारायण सिंह यांनी लिहिलेला ‘धवलेतील गणित’ या विषयावरील निबंध १९४२ मध्ये चौथ्या खंडात समाविष्ट करण्यात आला. भाषेचा जाणकार आणि गणिताचा जाणकार एकत्र आल्यावाचून असे ग्रंथ उलगडत नाहीत, याचा हा उत्तम दाखला होय.

सिंहांनी दाखवून दिलेल्या संकल्पनांपैकी ‘अर्धच्छेद’ ही विशेष महत्त्वाची. एखादी संख्या जितक्या वेळा निम्मी करता येते, तितके तिचे अर्धच्छेद. ३२ ही संख्या १६, ८, ४, २, १ अशी पाच वेळा निम्मी होते, म्हणून तिचे अर्धच्छेद पाच. आठचे अर्धच्छेद तीन आणि चारचे दोन. आठ आणि चार यांचा गुणाकार ३२. आणि तीन व दोन यांची बेरीज पाच. गुणाकाराच्या जागी बेरीज आणणारा हा नियम म्हणजेच लॉगरिदमचे मूळ तत्त्व. धवलेत तीनने भागण्याचे ‘त्रिकच्छेद’ आणि चारने भागण्याचे ‘चतुर्थच्छेद’ही आहेत. प्रचंड संख्या दर्शविण्यासाठी ‘वर्गितसंवर्गित’ ही क्रिया आहे. तीत संख्येचा तिच्याइतकाच घात करावयाचा असतो. दोनपासून आरंभ केल्यास प्रथम ४, नंतर २५६ आणि तिसऱ्या वेळी २५६ चा २५६ वा घात येतो. ही संख्या लिहावयास ६१७ अंक लागतात.

सोलापूरचे कार्य

ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांच्या दातृत्वातून सोलापुरात जैन संस्कृति संरक्षक संघ आणि जीवराज जैन ग्रंथमाला उभी राहिली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातील डॉ. आ. ने. उपाध्ये आणि डॉ. हिरालाल जैन हे या मालेचे प्रधान संपादक होते. मालेचा पहिलाच ग्रंथ ‘तिलोयपण्णत्ती’ हा होता. त्रिलोकाची मोजमापे सांगणाऱ्या या प्राकृत ग्रंथात क्षेत्रफळ, घनफळ आणि श्रेढी यांचे विपुल गणित आहे. मालेने १९५८ मध्ये ‘जंबूदीवपण्णत्तिसंगहो’ प्रकाशित केला, तेव्हा त्यास जबलपूरचे गणिताचे प्राध्यापक लक्ष्मीचंद्र जैन यांचा ‘तिलोयपण्णत्तीचे गणित’ हा विस्तृत हिंदी प्रबंध जोडण्यात आला. १९६३ मध्ये त्यांनीच केलेला ‘गणितसारसंग्रहा’चा हिंदी अनुवाद सोलापुरातून बाहेर पडला. मान्यखेटच्या आचार्यांचा ग्रंथ इंग्रजी न जाणणाऱ्या वाचकांपर्यंत पोहोचविण्याचे श्रेय अशा रीतीने सोलापूरकडे जाते.

मुंबई-पुण्याच्या कार्याचा उल्लेखही आवश्यक आहे. गणितात एम. ए. झालेले आणि पुढे जैन वाङ्मयाच्या अभ्यासास वाहून घेतलेले प्रा. हिरालाल रसिकदास कापडिया यांनी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील जैन हस्तलिखितांच्या वर्णनात्मक सूची सिद्ध केल्या. श्रीपतीच्या ‘गणिततिलक’ या ग्रंथावर सिंहतिलकसूरी या जैन आचार्यांनी तेराव्या शतकात टीका लिहिली आहे. तिचे संपादन कापडियांनी केले आणि ते १९३७ मध्ये बडोद्याहून प्रसिद्ध झाले.

हेमचंद्राचार्य आणि छंदांचे गणित

बाराव्या शतकात गुजरातेत होऊन गेलेले कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्य हे व्याकरण, काव्य आणि छंद यांचे प्रकांड पंडित. लघू अक्षराची एक मात्रा आणि गुरू अक्षराच्या दोन. मग ठरावीक मात्रांची ओळ किती प्रकारांनी रचता येईल? चार मात्रांसाठी चार लघू. एक गुरू आणि दोन लघू यांच्या तीन मांडण्या. आणि दोन गुरू, असे पाच प्रकार होतात. एक मात्रेपासून पुढे मोजत गेल्यास १, २, ३, ५, ८, १३, २१ अशी माला मिळते. मालेतील प्रत्येक संख्या तिच्या आधीच्या दोन संख्यांची बेरीज असते. कारण सोपे आहे. ओळीचा शेवट लघूने होईल किंवा गुरूने. लघूने झाल्यास उरलेल्या मात्रा एकाने कमी, गुरूने झाल्यास दोनाने कमी.

युरोपात हीच माला १२०२ मध्ये फिबोनाचीच्या ग्रंथात आली आणि त्याच्या नावाने प्रसिद्ध पावली. हेमचंद्राचार्यांचे लेखन त्यापूर्वी सुमारे अर्धशतक झालेले होते. परमानंद सिंह यांनी १९८५ मध्ये गणित-इतिहासाच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात या विषयाची साधार मांडणी केली. २०१४ मध्ये फील्ड्स पदक मिळविणारे भारतीय वंशाचे गणितज्ञ मंजुल भार्गव आपल्या व्याख्यानांतून या संख्यांचा उल्लेख हेमचंद्राचार्यांच्या नावाने आवर्जून करीत आले आहेत. त्यांचे आजोबा पुरुषोत्तमलाल भार्गव हे संस्कृतचे विद्वान होते.

एकविसाव्या शतकातील संशोधन

गेल्या पंचवीस वर्षांत या विषयाच्या अभ्यासास नवी गती आली आहे. सन २००० मध्ये होंबुज येथून प्रा. पद्मावतम्मा यांनी ‘गणितसारसंग्रहा’ची कन्नड व इंग्रजी अनुवादांसह आवृत्ती प्रसिद्ध केली. अलाउद्दीन खिलजीच्या टांकसाळीत अधिकारी असलेल्या ठक्कुर फेरू या जैन गृहस्थाचा ‘गणितसारकौमुदी’ हा ग्रंथ २००९ मध्ये अनुवाद व विवेचनासह पुन्हा प्रकाशात आला. हे काम श्रीरामुल राजेश्वर सर्मा, ताकानोरी कुसुबा, ताकाओ हायाशी आणि मिचिओ यानो या भारतीय व जपानी विद्वानांनी मिळून केले. कापडियांनी संपादित केलेल्या सिंहतिलकसूरींच्या टीकेचा इंग्रजी अनुवाद आलेस्सान्द्रा पेत्रोक्की यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. इंदूरच्या कुंदकुंद ज्ञानपीठाच्या ‘अर्हत् वचन’ या नियतकालिकानेही जैन गणितावरील लेखांना सातत्याने स्थान दिले. एम. डी. श्रीनिवास, एम. एस. श्रीराम आणि मुंबईच्या आयआयटीतील के. रामसुब्रमणियन यांची भारतीय गणिताच्या इतिहासावरील व्याख्यानमाला चित्रफितींच्या रूपाने उपलब्ध असून तीत महावीराचार्यांच्या ग्रंथाचेही सविस्तर विवेचन आहे.

शिक्षणक्षेत्रातील बदलही लक्षणीय आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने भारतीय ज्ञानपरंपरेस अभ्यासक्रमात स्थान देण्याचे ठरविले. त्याचा मसुदा करणाऱ्या समितीत मंजुल भार्गव हेही सदस्य होते. त्यानंतर एनसीईआरटीने ‘गणित प्रकाश’ ही नवी पाठ्यपुस्तके काढली. इयत्ता सहावीचे पुस्तक २०२४ मध्ये आणि सातवीचे २०२५ मध्ये आले. सातवीच्या पुस्तकात लघू-गुरूंच्या मांडणीतून निघणारी वरील संख्यामाला आहे आणि खजुराहोच्या पार्श्वनाथ मंदिरात कोरलेले चौतीसा यंत्रही आहे. त्या यंत्राच्या चार ओळी अशा : ७, १२, १, १४, २, १३, ८, ११, १६, ३, १०, ५, ९, ६, १५, ४. कोणतीही आडवी वा उभी ओळ घ्यावी, कोणताही कर्ण घ्यावा, किंवा शेजारची दोन बाय दोन घरे घ्यावीत. बेरीज ३४ च येते. मंदिराच्या दारात यात्रेकरूंनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेले हे यंत्र आज देशभरातील मुले वहीत मांडून पडताळीत आहेत.

अभिमान आणि पडताळा

या सर्वांचा समाजास अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. मात्र व्यासपीठांवरून आणि पत्रिकांतून कधीकधी वस्तुस्थितीपलीकडची विधाने केली जातात. लॉगरिदम जैनांनीच शोधला, अनंताचा आधुनिक सिद्धांत आगमांत तयारच होता, अशी ती विधाने असतात. अशा अतिशयोक्तीने आचार्यांचा गौरव वाढत नाही. उलट चोखंदळ विद्यार्थ्याच्या मनात खऱ्या कामगिरीविषयीही शंका उत्पन्न होते.

अर्धच्छेदांचे नियम वीरसेनांच्या टीकेत निःसंशय आहेत. परंतु कोणत्याही संख्येस लागू पडणारी आणि आकडेमोडीसाठी वापरता येणारी कोष्टके नेपियरने १६१४ मध्ये प्रसिद्ध केली. ते कार्य वेगळे आहे. जैन ग्रंथांनी संख्यात, असंख्यात आणि अनंत असे भेद केले, त्यांचे पोटभेद केले, आणि सर्व अनंते सारखी नव्हेत असे म्हटले. ही झेप असामान्य होय. तथापि दोन अनंत समूहांची एकास-एक संगती लावून त्यांतील लहान-मोठेपणा सिद्ध करण्याची रीत गेऑर्ग कँटरने १८७४ नंतर घडविली. दोहोंचे प्रयोजनही निराळे होते. आगमांस जीव, पुद्गल, काल आणि लोक यांचे प्रमाण सांगावयाचे होते. हेमचंद्राचार्यांच्या संख्यामालेविषयीही हेच म्हणता येईल. त्यांच्यापूर्वी प्राकृत छंदशास्त्रकार विरहांक आणि त्याचा टीकाकार गोपाल यांनी ती सांगितली होती. ‘गणित प्रकाश’नेही ती विरहांकाच्या नावाने दिली आहे, आणि तेच न्याय्य आहे.

महावीराचार्यांच्या ग्रंथात एक चूकही आहे. संख्येस शून्याने भागल्यास ती तशीच राहते, असे त्यांनी लिहिले. पाचास शून्याने भागून पाच आले असे मानले, तर पाच आणि शून्य यांचा गुणाकार पाच व्हावयास हवा. तो तर शून्य होतो. म्हणून आजचे गणित शून्याने भागण्यास मान्यता देत नाही. याच आचार्यांनी ऋणसंख्येस वर्गमूळ असू शकत नाही, कारण कोणत्याही संख्येचा वर्ग ऋण नसतो, हे मात्र अचूक हेरले होते. शिक्षकाने ही दोन्ही विधाने फळ्यावर शेजारी-शेजारी लिहावीत. कोणते टिकते, कोणते टिकत नाही आणि का, हे विद्यार्थ्यांनी स्वतः शोधावे. एवढ्या एका तासात गणिताची पद्धत आणि गणिताचा इतिहास दोन्ही शिकविले जातील. अनेकान्ताची शिकवण लाभलेल्या समाजास विधान कोणत्या अपेक्षेने खरे आहे हे तपासणे परके वाटू नये.

पुढील कार्य

शंभर वर्षांच्या या इतिहासात एक गोष्ट वारंवार दिसते. ज्या ज्या वेळी ग्रंथ जपणारे, भाषा जाणणारे, गणित जाणणारे आणि द्रव्यसाहाय्य करणारे एकत्र आले, त्या त्या वेळी एखादे नवे दालन उघडले. रंगाचार्य आणि स्मिथ, हिरालाल जैन आणि अवधेश नारायण सिंह, जीवराज दोशींची ग्रंथमाला आणि लक्ष्मीचंद्र जैन, ही त्याची उदाहरणे होत. यांतील एक दुवा जरी निखळला असता तरी काम अडले असते.

आज सर्वांत दुबळा झालेला दुवा वाचकांचा आहे. प्राकृत व संस्कृत जाणणारा आणि गणितातही गती असणारा तरुण अभ्यासक शोधूनही मिळणे कठीण झाले आहे. समाजातील बुद्धिमान मुले अभियांत्रिकी, लेखापरीक्षण आणि व्यवस्थापन या क्षेत्रांकडे जातात. त्यात वावगे काही नाही. परंतु त्यांपैकी एखाद्यास जरी प्राकृत शिकण्याची संधी व शिष्यवृत्ती मिळाली, तर तो उद्याचा कापडिया किंवा लक्ष्मीचंद्र जैन होऊ शकेल. विश्वस्त संस्थांना करता येण्याजोगी कामे साधी आहेत : भांडारातील प्रतींची सूची करणे, त्यांची छायाचित्रे घेऊन ठेवणे, अभ्यासकांस त्या पाहू देणे, आणि पाठशाळेतील मुलांना चौतीसा यंत्र व षड्रसांचे गणित सोडवावयास देणे. यासाठी फार मोठा निधी लागत नाही, सातत्य लागते.

श्रुतपंचमीस पूजनासाठी बाहेर काढलेले शास्त्र संध्याकाळी पुन्हा वेष्टनात बांधले जाते. त्यापूर्वी त्यातील एखादे पान कोणीतरी उलगडून वाचावे, त्यातील एखादे गणित एखाद्या मुलाने पाटीवर सोडवावे आणि उत्तर बरोबर आले की नाही ते पडताळावे. जिनवाणीच्या उपासनेत या स्वाध्यायाचीही गणना व्हावी.